किंमत आणि मूल्य : रुमाले चेन्नबसवय्या यांच्या निमित्ताने

‘किंमत’ आणि ‘मूल्य’ हे शब्द आपण पुष्कळदा एकाच अर्थाने योजतो. कलेतिहासात मात्र त्यांतील अंतर ध्यानी घ्यावे लागते. दृक्प्रत्ययवादी चित्रकार क्लोद मोने याचे शेतातील गंज्यांचे १८९० चे एक चित्र १९८६ मध्ये सुमारे २५ लाख डॉलरना, तर २०१९ मध्ये ११ कोटी डॉलरहून अधिक किमतीला विकले गेले. चित्र तेच होते. या भावामागे चित्रविक्रेता पॉल द्युराँ-र्‍युएल याने १८७० च्या दशकापासून केलेली खरेदी, त्याने १८८६ मध्ये न्यूयॉर्कला भरवलेले प्रदर्शन आणि पुढील संग्राहकांची परंपरा उभी आहे.

बंगळूरचे रुमाले चेन्नबसवय्या (१९१०–१९८८) यांची वाट निराळी. स्वातंत्र्यलढा आणि ‘ताईनाडू’ या कन्नड वृत्तपत्राचे संपादन यांत त्यांची उमेदीची वर्षे गेली. १९६० च्या दशकात ते चित्रकलेकडे परतले. बंगळूरचे बहरलेले वृक्ष व छायामार्ग त्यांनी रंगविले. प्रकाश आणि शुद्ध रंग यांच्या ओढीने ही चित्रे दृक्प्रत्ययवादी परंपरेशी नाते सांगतात. त्यांतील मोठा भाग बंगळुरातच एका संग्रहात एकत्र राहिला. जे चित्र हस्तांतरित होत नाही, त्याचा भाव ठरण्यास आधार उरत नाही. अभ्यासकाला उपकारक ठरणारी संग्रहाची अखंडता बाजाराला अशी अडसर ठरते. अनुवादाविना एकाच भाषेत राहिलेल्या साहित्यकृतीची स्थिती याहून वेगळी नसते.

रस्तारुंदीकरणात बंगळूरचे अनेक जुने वृक्ष नाहीसे झाले. या चित्रांत त्या शहराची स्मृती टिकून आहे. तिचा भाव लिलावात ठरत नाही.