मोटारीचा रेडिएटर पंखा

रेडिएटर पंखा हा मोटारीच्या इंजिनातील उष्णता बाहेर टाकण्यास साहाय्य करणारा, बॅटरीच्या विजेवर चालणारा पंखा होय. बोलीभाषेत त्याला 'रेडिएटर फॅन' किंवा नुसते 'फॅन' म्हणतात. तो बहुधा रेडिएटर आणि इंजिन यांच्या मधल्या जागेत बसवलेला असतो व समोरची हवा रेडिएटरच्या जाळीतून खेचून घेतो. आवश्यक त्या वेळी हा पंखा सुरू न झाल्यास इंजिन तापते, हेड गॅस्केट फुटते आणि अॅल्युमिनियमचे हेड वाकूही शकते. काही रुपयांच्या फ्यूजपायी इंजिन खोलण्याची वेळ येते ती यामुळेच.

पार्श्वभूमी

प्रीमियर पद्मिनी, अॅम्बॅसॅडर यांसारख्या जुन्या मोटारींत पंखा इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरत असे. इंजिन चालू तोवर पंखा चालू, इतका साधा तो हिशेब होता. १९८३ साली आलेल्या मारुती ८०० मध्ये इंजिन आडवे बसवलेले होते. अशा मांडणीत इंजिनाची पुली मोटारीच्या बाजूकडे येते, रेडिएटर मात्र समोर राहतो. त्यामुळे पट्ट्याऐवजी विजेची मोटर वापरणे सोयीचे ठरते. पुढे बहुतेक सर्व लहान मोटारींनी हीच रचना स्वीकारली. अवजड ट्रकांत आजही इंजिनावर फिरणारा पंखा आढळतो.

कार्य

इंजिनात फिरणारे शीतक द्रव्य, म्हणजे कूलंट, साधारण ८२ ते ९० अंश सेल्सिअसला पोहोचले की थर्मोस्टॅटची झडप उघडते आणि ते रेडिएटरकडे जाऊ लागते. तापमान आणखी वाढून ९५ ते १०० अंशांच्या आसपास गेले की सेन्सर त्याची सूचना इंजिनाच्या संगणकाला देतो, संगणक रिलेला आणि रिले पंख्याला वीज देतो. तापमान काही अंश उतरले की पंखा थांबतो. जुन्या मोटारींत संगणकाऐवजी रेडिएटरवरच बसवलेला उष्णतेवर चालणारा स्विच हे काम करतो. नेमके आकडे प्रत्येक मोटारीत निराळे असतात.

थंड इंजिनात पंखा बंद असणे हा दोष नव्हे. थंडीच्या सकाळी मोकळ्या रस्त्यावर तो कित्येक किलोमीटर सुरू न होणेही स्वाभाविक आहे. एवढी गोष्ट ठाऊक नसल्याने धडधाकट पंखे बदलले जातात.

बिघाड उशिरा का कळतो

मोटार वेगात असताना समोरून येणारा वाराच रेडिएटर थंड ठेवतो. पंख्याची खरी गरज लागते ती मोटार उभी असताना किंवा रेंगाळत असताना. म्हणून बंद पडलेला पंखा पाम बीच मार्गावर जाणवत नाही. तो जाणवतो शीव-पनवेल महामार्गावरच्या कोंडीत. वाशी टोलनाक्यावर हलक्या वाहनांचा टोल ऑक्टोबर २०२४ मध्ये माफ झाला, तरी वर्दळीच्या वेळी खाडीपुलाच्या परिसरात वाहने मंदावतातच. दुसरी कसोटी बोरघाटाची. कळंबोलीहून द्रुतगती मार्गाने निघालेली मोटार खालापूरपर्यंत निर्धोक जाते. पुढे चढणीवर इंजिनावरचा भार वाढतो, वेग मात्र उतरतो आणि तापमानाचा काटा वर सरकू लागतो.

काट्याच्याही आधी एक खूण मिळते. एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढ्यात असल्याने त्यालाही याच पंख्याची हवा लागते. सिग्नलला उभे राहताच एसी कोमट हवा देऊ लागला आणि मोटार चालू लागताच पुन्हा गार झाला, तर पंख्याकडे लक्ष द्यावे.

तपासणी

इंजिन तापलेले असताना रेडिएटरचे झाकण उघडू नये. आतील कूलंट दाबाखाली असल्याने १०० अंशांच्या वर जाऊनही द्रवरूप राहते. झाकण सैल होताच ते उसळून बाहेर येते व गंभीर भाजते. पंख्यातही हात घालू नये, कारण कित्येक मोटारींत तो किल्ली काढल्यावरही अचानक सुरू होतो.

इंजिन निवल्यावर प्रथम कूलंटची पातळी पाहावी. पातळी खाली गेली असेल तर सेन्सर द्रवाऐवजी वाफेत राहतो, त्याला खरे तापमान कळत नाही आणि पंखा निर्दोष असूनही फिरत नाही. यानंतरची सर्वांत उपयोगी चाचणी म्हणजे इंजिन चालू करून एसी लावणे. बहुतेक मोटारींत एसी लावताच थोड्या वेळात पंखा फिरू लागतो. तो फिरला, तर मोटर आणि तिच्याकडे जाणारी वीज ठीक आहे. दोष सेन्सर, त्याची तार किंवा अडकलेला थर्मोस्टॅट यांत शोधावा. तो फिरला नाही, तर फ्यूज, रिले, जोडणी, मोटर या क्रमाने जावे.

पंख्याचा फ्यूज बहुधा ३० ते ४० अँपिअरचा असतो. जळालेल्या फ्यूजच्या जागी त्याच क्षमतेचा बसवावा. तोही लगेच उडाला, तर मोटर जाम आहे किंवा तारेत शॉर्ट आहे असे समजावे. फ्यूजच्या जागी तांब्याची तार गुंडाळणे म्हणजे आगीला निमंत्रण होय. रिले तपासण्यासाठी त्याच पेटीतील त्याच क्रमांकाचा दुसरा रिले, उदाहरणार्थ हॉर्नचा, अदलाबदल करून पाहता येतो.

शेवटी पंख्याचा प्लग काढून, पंखा सुरू व्हायला हवा अशा स्थितीत तारेकडील बाजूस मीटर लावावा. १२ व्होल्ट मिळत असून अर्थिंगही नीट असेल आणि तरी पंखा फिरत नसेल, तर मोटर गेली आहे. मोटरीवर हलकेच ठोकल्यावर ती फिरू लागली, तर आतले कार्बन ब्रश झिजलेले असतात. ही सुटका तात्पुरती असते. दोन वेगांच्या पंख्यात रेझिस्टर जळाला की मंद वेग नाहीसा होतो आणि पंखा एकदम मोठ्या वेगावरच सुरू होतो. काही नव्या मोटारींत वेग इलेक्ट्रॉनिक मॉड्यूलने ठरतो. तेथे साध्या मीटरवर निष्कर्ष काढू नये.

खाडीकाठच्या दमट, खाऱ्या हवेत प्लगच्या पिनांवर हिरवट थर चढतो आणि अर्थिंगची जोडणी गंजते. सोसायटीच्या पार्किंगमध्ये दीर्घकाळ उभ्या राहिलेल्या मोटारींच्या तारा उंदीर कुरतडतात. नवी मुंबईत मोटर बदलण्यापूर्वी या दोन्ही गोष्टी पाहणे शहाणपणाचे ठरते.

'डायरेक्ट' करण्याची पद्धत

सेन्सर किंवा रिले न शोधता पंखा थेट किल्लीवर जोडून देण्याला गॅरेजच्या भाषेत 'डायरेक्ट करणे' म्हणतात. घाटात अडकलेली मोटार घरी आणण्यापुरता हा उपाय योग्य आहे. कायमचा केल्यास पंखा सतत फिरून मोटर लवकर झिजते, अल्टरनेटरवर भार पडतो, थंडीत इंजिन तापायला वेळ लागतो. आणि तारेत फ्यूज घातलेला नसेल तर ती वितळते. थर्मोस्टॅट काढून टाकण्याची पद्धतही याच जातीची आहे. दोन्हींमुळे मूळ दोष तसाच राहतो आणि पुढच्या मेकॅनिकला तो सापडणे अवघड होते.

रस्त्यात मोटार तापल्यास

काटा लाल रेषेकडे गेल्यास एसी बंद करून हीटर पूर्ण गरमवर व पूर्ण वेगात लावावा. हीटर म्हणजे एक छोटा रेडिएटरच असल्याने इंजिनाची काही उष्णता त्यातून बाहेर पडते. मे महिन्यात हा उपाय जिवावर येतो, पण उपयोगी पडतो. नंतर सुरक्षित जागी थांबून इंजिन बंद करावे व बॉनेट उघडावे. बॉनेटमधून वाफ येत असेल तर ती ओसरेपर्यंत ते उघडू नये. किमान अर्धा तास थांबून, झाकणाला हात लावण्याइतपत ते निवल्यावरच कूलंट, आणि ते नसल्यास पाणी, घालावे. तापलेल्या इंजिनात एकदम थंड पाणी ओतल्यास धातूला तडा जाऊ शकतो.