सायकलची चेन सारखी उतरते? नवी घेण्याआधी ‘एक सूत’ आणि ‘अर्धा सूत’ हे दोन हिशेब समजून घ्या

तालुका प्रतिनिधी : गावोगावी मोटारसायकली वाढल्या, तरी सायकल काही गेलेली नाही. वाडी-वस्तीवरून हायस्कूलला जाणाऱ्या मुली, डेअरीवर दूध घालणारे, पहाटे रानात पाणी धरायला जाणारे गडी, यांचं काम आजही सायकलवरच चालतं. मानव विकास कार्यक्रमातून मुलींना शाळेसाठी सायकली मिळाल्या आहेत. अशी एखादी सायकल पडवीत उभी राहते, तेव्हा कारण कित्येकदा किरकोळ असतं. चेन उतरते. मुलगी रस्त्यात दोनदा उतरून काळ्या हातानं चेन चढवते, तिसऱ्या दिवशी ‘सायकल नको’ म्हणते. मग एसटीची वाट बघणं आलं, एसटी चुकली की शाळा बुडणं आलं.

टायर-ट्यूब फाटली की आपण लगेच बदलतो. चेन मात्र तुटेपर्यंत वापरतो. खरं तर चेन तुटायच्या बऱ्याच आधी खराब झालेली असते आणि जाता जाता पुढच्या-मागच्या चक्रांचे दातेही खाऊन जाते. म्हणून टिकाऊ चेन कशी निवडायची आणि ती कधी बदलायची, याची माहिती इथे एकत्र दिली आहे.

आधी माप : साध्या सायकलला एक सूत

सुतार आणि गवंडी इंचाचे आठ भाग करतात, त्यातला एक भाग म्हणजे सूत. चेनचं माप याच हिशेबात सोपं पडतं.

चेनच्या एका पिनेपासून पुढच्या पिनेपर्यंतचं अंतर अर्धा इंच, म्हणजे ४ सूत असतं. साधी सायकल असो की गिअरची, हे अंतर तेच. फरक आतल्या रुंदीत आहे. चक्राचा दात ज्या फटीत बसतो, ती फट साध्या, बिनगिअरच्या सायकलच्या चेनमध्ये १/८ इंच म्हणजे एक सूत असते. मागे सहा-सात-आठ चक्रांची गिअरची सायकल असेल तर ३/३२ इंच, म्हणजे पाऊण सूत. त्याहून जास्त गिअर असले की चेन आणखी पातळ होते.

पाकिटावर ‘१/२ × १/८’ लिहिलेलं असेल तर ती साध्या सायकलची चेन. काही ठिकाणी तिला ४१० नंबर म्हणतात. पाऊण सुताची चेन एक सुताच्या जाड दातावर नीट बसतच नाही. उलट एक सुताची चेन पातळ दातावर चालते, फक्त थोडी खडखडते.

मोटारसायकलची जुनी चेन सायकलला घालण्याचा विचार सोडून द्यावा. बऱ्याच १०० सीसी गाड्यांना ४२८ नंबरची चेन असते. तिचंही पिनेचं अंतर अर्धा इंचच, पण फट अडीच सूत असते. सायकलच्या दातावर ती डुगडुगते आणि उतरते.

चेन ताणून लांब होत नाही, झिजून लांब होते

‘चेन ताणली गेली’ असं आपण म्हणतो. प्रत्यक्षात लोखंडी पट्ट्या ताणल्या जात नाहीत. रोलरची ही चेन हान्स रेनॉल्ड यांनी इंग्लंडमधल्या मँचेस्टर शहरात १८८० मध्ये तयार केली. तिची रचना आजही जवळपास तीच आहे. बाहेरच्या दोन पट्ट्या, आतल्या दोन पट्ट्या, मध्ये पिन, पिनेवर बुश आणि बुशवर फिरणारा रोलर. प्रत्येक कडी चक्रावर वळते तेव्हा पीन बुशमध्ये घासते. तिथे धूळ किंवा वाळू गेली की तेलात मिसळून सहाणेवर घासल्यासारखं काम होतं.

एका फुटात अशा २४ कड्या येतात. प्रत्येक ठिकाणी केसाच्या जाडीएवढी झीज झाली, तरी फुटामागे चेन साधारण दीड मिलिमीटरने लांब भरते. मग तिची कडी दाताच्या मुळाशी न बसता वर चढून बसते. हळूहळू दाते विळ्याच्या टोकासारखे वाकतात. अशा दातावरून जोर लावला की चेन घसरते, आणि नेमकी चढावर किंवा मागे ओझं असताना घसरते. पायडलवरचा पाय एकदम खाली जातो आणि माणूस दांड्यावर आपटतो.

घरीच मोजा : मर्यादा अर्धा सूत

बांधकामवाल्याचा पोलादी टेप घ्या. शाळेची ३० सेंटिमीटरची पट्टी एका फुटाला थोडी कमी पडते, ती चालणार नाही.

१. मागचा ब्रेक दाबून धरा आणि पायडलवर हलका जोर द्या, म्हणजे वरची चेन ताठ होईल.

२. टेपचं टोक हलतं असतं, म्हणून शून्यापासून न मोजता १ इंचाची खूण एका पिनेच्या मध्यावर धरा.

३. तिथून पुढची २४ वी पीन मोजा. चेन नवी असेल तर ती बरोबर १३ इंचाच्या खुणेवर येते, म्हणजे मधलं अंतर १२ इंच.

४. पीन खुणेच्या पुढे अर्धा सूत, म्हणजे १/१६ इंच गेली असेल तर चेन बदलायची वेळ झाली. आताच बदलली तर दाते बहुधा वाचतात.

५. पूर्ण एक सूत पुढे गेली असेल तर चेन संपली. चेनव्हील आणि फ्री दोन्ही नीट तपासून घ्या.

टेप नसेल तर पुढच्या चेनव्हीलच्या अगदी पुढच्या टोकाला चेन चिमटीत धरून बाहेर ओढा. निम्म्याहून जास्त दात उघडा पडला तर झीज बरीच झाली आहे असं समजा.

कडी काढून चेन आखूड करणं म्हणजे दुरुस्ती नव्हे

आपल्याकडे हा प्रकार सर्रास चालतो. चेन ढिली झाली की चाक मागे सरकवतात. चाक सरकायची जागा संपली की एक इंचाचा तुकडा काढून चेन पुन्हा जोडतात. चेन ताठ होते, आठ-पंधरा दिवस उतरत नाही, आपल्याला बरं वाटतं. पण उरलेल्या प्रत्येक पिनेची झीज तशीच असते. तीच झिजलेली चेन आता आणखी ताठ होऊन दाते खाते. चेनचे पैसे वाचवायला जावं, तर फ्री आणि चेनव्हीलचे पैसे जातात.

उलट चूकही होते. दाते विळ्यासारखे झालेले असताना त्यावर नुसती नवी चेन टाकली, तर ती पहिल्याच दिवशी घसरते आणि ‘नवी चेन खराब निघाली’ असं आपण म्हणतो. दाते गेले असतील तर चेन आणि फ्री एकदमच बदलावी.

टिकाऊ चेन कशी ओळखायची

चमक बघून चेन घेऊ नये. पांढरी चकचकीत चेन बहुधा निकेलचा मुलामा दिलेली असते. त्यामुळे गंज उशिरा धरतो. पावसाळ्यात किंवा कोकणासारख्या खाऱ्या हवेत त्याचा उपयोग आहे. पण झीज आत पिनेवर होते. तिथे पिनेचं पोलाद किती कडक आहे यावर सगळं अवलंबून असतं आणि ते डोळ्यांना दिसत नाही. त्यामुळे पट्टीवर बनवणाऱ्याचं नाव ठसठशीत कोरलेली, बंद पाकिटातली चेन घ्यावी. सुटी, बिननावाची घेऊ नये. दुकानातच एवढं तपासा :

- २४ कड्या मोजा. नवी चेन १२ इंचांपेक्षा जास्त भरत असेल तर परत करा.
- चेन आडवी धरून बाजूला वाकवा. चांगली चेन थोडीच वाकते, सैल चेन धनुष्यासारखी झुकते.
- प्रत्येक कडी बोटांनी वळवून बघा. एकही कडी अडता कामा नये.
- रोलर मोकळे फिरले पाहिजेत.
- पिनांची टोकं दोन्ही बाजूंना सारखी ठोकलेली असावीत.

साध्या सायकलची जाड चेन गिअरच्या पातळ चेनपेक्षा जास्त टिकते, त्याला कारण आहे. ती सरळ रेषेत चालते, तिरकी होत नाही. पट्ट्या जाड असतात आणि आत वेगळा बुश असतो. आजकालच्या गिअरच्या चेनमध्ये बहुधा तो नसतो. म्हणजे साध्या सायकलला ‘गिअरवाली भारी चेन’ लागत नाही.

बसवताना दोन गोष्टी

नवी चेन जुन्या चेनशेजारी टांगून लांबी ठरवू नका, कारण जुनी झिजून लांब झालेली असते. कड्या मोजा आणि तेवढ्याच ठेवा.

जोडाच्या लॉकला छोटी क्लिप असते. तिचं बंद तोंड चेन ज्या दिशेला पळते त्या दिशेला हवं, उघडं तोंड मागे. उलटी बसली तर काहीतरी अडकून क्लिप निघू शकते.

चेन किती ढिली ठेवायची? मधोमध बोटाने वर-खाली केली की एकूण अर्धा इंच हलावी. पायडल सावकाश पूर्ण फिरवून जिथे चेन सर्वांत ताठ होते, तिथे हे माप घ्यावं. फार ताठ ठेवली तर पायडल जड होतं आणि बेअरिंगवर ताण येतो.

बिनफ्रीच्या सायकलला चेन म्हणजेच ब्रेक

शर्यतीच्या ट्रॅकवरच्या सायकलींना फ्री नसतं. चाक फिरेल तोवर पायडलही फिरतंच. त्यांना फिक्स गिअर म्हणतात. पुण्याच्या बालेवाडी क्रीडा संकुलात असा ट्रॅक आहे. जपानमध्ये १९४८ पासून केइरिन नावाच्या शर्यती होतात, त्यांच्या सायकलींना ब्रेकच नसतो. वेग कमी करायचा तो पायाने पायडल रोखून. म्हणजे चेन पुढेही ओढते आणि मागेही. तीच तुटली किंवा उतरली तर थांबायचं साधन जातं. म्हणून तिथे एक सुताची जाड चेन वापरतात आणि ती जराही लोंबू देत नाहीत. शहरात काही तरुण अशी सायकल रस्त्यावर चालवतात, त्यांनी पुढचा ब्रेक लावलाच पाहिजे.

याचा आपल्याशी संबंध एवढाच की चिखल-गंजाने फ्री जाम झालं की आपली साधी सायकलही तशीच वागते. पाय थांबवला तरी पायडल फिरतं. चेन ढिली असेल तर उतारावर ती हमखास उतरते आणि चाकात अडकू शकते. फ्री जाम झालेली सायकल मुलांना देऊ नका.

तेल : कोणतं आणि किती

गाडीचं जळकं काळं ऑईल फुकट मिळतं म्हणून चेनला लावतात. त्यात धातूचा बारीक कीस आणि काजळी असते, ती पिनेला घासते. खोबरेल तेल काही दिवसांनी चिकट होतं. ट्रॅक्टरचं जाड गिअर ऑईल धूळ धरून ठेवतं. गंज सोडवायचा स्प्रे पाणी आणि मळ काढायला ठीक, पण त्याचं वंगण टिकत नाही.

शिलाई मशीनचं तेल किंवा इंजिनचं नवं ऑईल पुरे. चेन आधी रॉकेल किंवा डिझेलने भिजवलेल्या फडक्याने पुसा, वाळू द्या, मग प्रत्येक रोलरवर एकेक थेंब टाका. पायडल काही वेळा उलटं फिरवा आणि बाहेरचं तेल कोरड्या फडक्याने पुसून काढा. तेल आत हवं, बाहेर नको. पावसात भिजल्यावर किंवा चिखलातून आल्यावर हे नक्की करा.

पुसताना पायडल फिरतं ठेवून चक्राजवळ फडकं धरू नका. फडक्याबरोबर बोट दातात जातं. लहान मुलांना हे काम देऊ नये. चेन कव्हर फेकून देऊ नका. ते धूळ अडवतं आणि ओढणी, पदर, पायजमा चेनमध्ये जाऊ देत नाही.

दुकानात जाताना लक्षात ठेवा

- साधी सायकल : १/२ × १/८, म्हणजे एक सूत.
- जुन्या चेनच्या कड्या मोजून न्या.
- फुटामागे अर्धा सूत वाढली की चेन बदला, एक सूत वाढली की दातेही तपासा.
- कडी काढून आखूड करून घेऊ नका.
- लॉकचं बंद तोंड पुढच्या दिशेला आहे ना, हे दुकानातच बघा.

शाळा सुरू होण्याआधी एकदा आणि पावसाळा संपल्यावर एकदा, अशी वर्षातून दोनदा टेप लावून मोजणी केली तरी पुष्कळ झालं. पाच मिनिटांचं काम आहे. घरातली मुलगी शाळेला सायकलवर जात असेल तर ही मोजणी तिलाच शिकवा, म्हणजे पुढे कुणावर अवलंबून राहायला नको.