आस्ती स्पुमान्ते : एका गोडव्याचा इतिहास

वायव्य इटलीतील पिएमोंते प्रांतात, आस्ती परिसरातील टेकड्यांवर पिकणाऱ्या मोस्कातो बियांको या सुगंधी द्राक्षापासून ही गोड, फेसाळ वाइन तयार होते. किण्वन मध्येच थांबविल्याने द्राक्षातील साखर शिल्लक राहते. हाच तिचा गोडवा होय. कार्लो गांचा यांनी १८६५ मध्ये कानेल्ली येथे शाम्पेनच्या पद्धतीने ती बाटलीत फेसाळविली. परंतु उरलेली साखर पुन्हा आंबून बाटल्या फुटत. आस्तीच्या द्राक्षमद्य संशोधन केंद्राचे संचालक फेदेरिको मार्तिनोत्ती यांनी १८९५ मध्ये बंद टाकीत दाबाखाली किण्वन करण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. १९०७ मध्ये युजीन शार्मा या फ्रेंच तज्ज्ञाने तीत सुधारणा केली आणि जगभर त्याचेच नाव रूढ झाले. २०१४ मध्ये युनेस्कोने कानेल्लीसह येथील द्राक्षमळ्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. या वाइनला चव टेकड्यांनी दिली; ती टिकविण्याची विद्याही आस्तीचीच होती, याची नोंद इतिहासाने घेणे आवश्यक ठरते.