गांवकीच्या खोलीपासून घरापर्यंत

मुंबईच्या कापडगिरण्यांचा इतिहास भोंग्यापासून सांगण्याचा प्रघात आहे. कोंकणापुरता मात्र तो हर्णै व दाभोळ या बंदरांपासून सांगावा लागतो. दापोली तालुक्यांतील डोंगरउतारावरची वरकस जमीन आणि खोतीचा भार यांमुळें कित्येक घरांत वर्षाचें धान्य पुरत नसे. म्हणून तरुण पुरुष आगबोटीनें मुंबईस जात आणि बायकामुलें शेतीजवळ राहत.

मुंबईंत त्यांना आसरा मिळे तो गांवकीच्या खोलींत, म्हणजेच गाळ्यांत. गांवच्या मंडळींनीं वर्गणी काढून चाळींत खोली घ्यावी, दिवसपाळीचा मनुष्य कामास गेला कीं रातपाळीच्यानें त्याच जागीं पाठ टेकावी, भिंतीशीं प्रत्येकाची ट्रंक असावी आणि जेवण खाणावळींत व्हावें, अशी ती व्यवस्था होती. भाड्याची पावती एकाच्या नांवें असे. आधार मात्र सर्वांना होई.

सरकारनें या प्रश्नांत मोठ्या प्रमाणावर हात घातला तो १९२० सालीं. गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या कारकीर्दींत ‘बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट’ हें खातें निघालें. त्यानें ५०,००० खोल्या योजिल्या होत्या. प्रत्यक्षांत वरळी, नायगांव, डिलाइल रोड व शिवडी येथें २०७ चाळी झाल्या. प्रत्येक चाळींत ८० खोल्या व खोलीचें क्षेत्र सुमारें १६० चौरस फूट. वरळीच्या पुष्कळ खोल्या आरंभीं ओस राहिल्या, आणि १९३० च्या सविनय कायदेभंगांत तेथें सत्याग्रही कोंडले गेले. कालांतरानें त्याच खोल्यांत कुटुंबें नांदूं लागलीं.

१८ जानेवारी १९८२ रोजीं गिरण्यांचा संप सुरू झाला आणि जुनी घडी मोडली. त्यानंतर घराचा हक्क दोन निरनिराळ्या पुराव्यांवर ठरूं लागला. बी. डी. डी. चाळींत खोलीचा भाडेकरू पात्र ठरला. त्याला ५०० चौरस फुटांचें घर विनामूल्य देण्याचें ठरलें, आणि वरळींतील पहिल्या ५५६ घरांचें वाटप ऑगस्ट २०२५ मध्यें झालें. बंद गिरण्यांच्या कामगाराला मात्र १९८२ ची नोकरी सिद्ध करावी लागली. पनवेलजवळ कोन येथें भाड्यानें देण्यासाठीं बांधलेल्या घरांपैकीं २,४१७ घरांची त्यांच्यासाठीं २०१६ सालीं सोडत निघाली.

एकाचा आधार पावती, दुसऱ्याचा हजेरीपट. पण गाळ्यांत आयुष्य काढून गोदींत वा हॉटेलांत राबलेल्या मनुष्याचें नांव दोहोंतही सांपडत नाहीं. श्रमिकांची वसतिस्थानें गरिबांचीं घरें होतात, तेव्हां भिंतींपेक्षां ही नोंदच अधिक विचार करण्याजोगी ठरते.