स्लॅक

स्लॅक : सैलपणा दाखवणारा, रोजच्या वापरातला इंग्रजी शब्द. नाम, विशेषण आणि क्रियापद अशा तिन्ही रूपांत तो येतो. ताण नसलेली दोरी हा त्याचा सर्वांत ओळखीचा अर्थ. यंत्रशास्त्र, व्यापार, गणित, संगीत व संगणक या क्षेत्रांत मात्र त्याला वेगवेगळे पारिभाषिक अर्थ मिळाले आहेत. मराठीत या सर्वांना पुरेल असा एक प्रतिशब्द नाही. सैल, ढिला, शिथिल, मंद, झोळ, सवड यांतला नेमका कोणता घ्यायचा हे संदर्भ पाहून ठरवावे लागते.

व्युत्पत्ती : जुन्या इंग्रजीत हा शब्द आधी माणसाच्या स्वभावाला लावत. आळशी, मंद, कामात हयगय करणारा असा त्याचा अर्थ होता. दोरीसारख्या वस्तूंच्या सैलपणाचा अर्थ साधारणपणे इ. स. 1300 च्या सुमारास नोंदलेला आढळतो. लॅटिन ‘लाक्सुस’ हा त्याचा दूरचा भाऊबंद असून इंग्रजीतील ‘लॅक्स’ आणि ‘रिलॅक्स’ हे शब्द त्याच्यापासून आले. तहान शमवणे किंवा चुना विरवणे या अर्थाचे ‘स्लेक’ हे क्रियापदही ‘स्लॅक’च्याच कुळातले. चुनकळीवर पाणी घातले की ती तापते, फुटते आणि विरते. तिचा जोर असा उतरतो, हीच त्यामागची कल्पना.

सारख्या लेखनाचे दोन शब्द मात्र मुळात निराळे आहेत. कोळशाचा बारीक चुरा या अर्थाचा ‘स्लॅक’ धातूच्या मळीसाठी असलेल्या जर्मन-डच शब्दांच्या जवळचा मानतात. भारतातील कोळसा व्यवहारातही ‘स्लॅक कोल’ ही प्रतवारी रूढ आहे. उत्तर इंग्लंडमधील गावांच्या नावांत दिसणारा, उथळ दरी किंवा खोलगट जागा या अर्थाचा ‘स्लॅक’ जुन्या नॉर्स भाषेतून आला. समुद्रकाठच्या वाळूच्या टेकड्यांमधील ओलसर खोलगटांनाही हेच नाव आहे.

दोरी, पट्टा आणि गाडी : दोन कप्प्यांवरून पट्टा फिरतो तेव्हा त्याची एक बाजू ताणलेली आणि दुसरी सैल असते. आडव्या मांडणीत चपट्या पट्ट्याची सैल बाजू वर ठेवतात, कारण तिला झोळ पडला की पट्टा कप्पीला अधिक कवेत घेतो आणि पकड वाढते. मालगाडीच्या डब्यांच्या जोडण्यांतही अशी ढिलाई असते. तिच्यामुळे इंजिन सुटताना डबे एकामागून एक हलतात; सगळ्या गाडीचे ओझे एकाच क्षणी ओढावे लागत नाही. ब्रेकमध्ये हीच ढिलाई घातक ठरते. ब्रेकचे ठोकळे झिजत जातात तसे अंतर वाढत जाते, म्हणून ते भरून काढणारा ‘स्लॅक ॲडजस्टर’ बसवतात.

समुद्र : भरतीचा किंवा ओहोटीचा प्रवाह थांबून उलट दिशेने वळण्याआधी काही वेळ पाणी जवळजवळ स्थिर असते. ही स्थिती म्हणजे ‘स्लॅक वॉटर’. अरुंद खाडीतून नौका नेणारे आणि पाणबुडे या वेळेची वाट पाहतात. भांगाच्या दिवसांत प्रवाहाचा जोर कमी असल्याने ही वेळ लांबते, उधाणाच्या दिवसांत आखडते. प्रवाह थांबण्याची वेळ आणि पाण्याची सर्वांत उंच किंवा सर्वांत खाली गेलेली पातळी या दोन्ही गोष्टी प्रत्येक ठिकाणी एकाच वेळी घडतील असे नाही.

व्यापार : गिऱ्हाईक कमी असलेला काळ तो ‘स्लॅक सीझन’. भारतीय रिझर्व्ह बँकेच्या कारभारात हा शब्द दीर्घकाळ अधिकृतपणे वापरला गेला. खरिपाचा माल बाजारात आला की कर्जाची मागणी वाढते आणि पुढे पावसाळ्यात ती ओसरते. त्यामुळे पतधोरण अनेक वर्षे एप्रिलमध्ये मंद हंगामासाठी आणि ऑक्टोबरमध्ये तेजीच्या हंगामासाठी असे दोनदा जाहीर होत असे. रिचर्ड सायर्ट आणि जेम्स मार्च यांनी 1963 च्या आपल्या ग्रंथात संस्थेकडील गरजेपेक्षा जादा साधनांना ‘ऑर्गनायझेशनल स्लॅक’ म्हटले. अडचणीच्या काळात ही शिल्लक संस्थेला सावरून धरते, असे त्यांनी दाखवले.

गणित आणि नियोजन : जॉर्ज डँटझिग यांनी 1947 मध्ये मांडलेल्या सिम्प्लेक्स पद्धतीत असमानतेचे समीकरण करण्यासाठी ‘स्लॅक’ चल वापरतात. यंत्राचे 40 तास उपलब्ध आहेत आणि 34 वापरले, तर या चलाची किंमत 6. ती शून्य झाली की साधन पुरते वापरले गेले. प्रकल्प-नियोजनात कामाला मिळणारी सवड म्हणजे ‘स्लॅक’. भिंती उभ्या राहायला 10 दिवस लागणार असतील आणि त्याच वेळी सुरू होणारे चौकटींचे काम 6 दिवसांचे असेल, तर चौकटींना 4 दिवसांची सवड आहे. ज्या कामांना अजिबात सवड नसते, त्यांची साखळी संपूर्ण प्रकल्पाची मुदत ठरवते. अमेरिकी नौदलाच्या पोलॅरिस क्षेपणास्त्र प्रकल्पासाठी 1958 च्या सुमारास विकसित झालेल्या पर्ट पद्धतीतून ही संज्ञा सर्वत्र पसरली.

संगीत आणि खेळ : हवाई बेटांवरील ‘स्लॅक की’ गिटारवादनाला तिथल्या भाषेत ‘की होआलू’ म्हणतात. गिटारच्या काही तारा नेहमीपेक्षा उतरवून ती अशी लावतात, की कुठेही बोट न दाबता छेडली तरी सुरेल स्वरसंघ उमटतो. एकोणिसाव्या शतकात गुरे हाकण्यासाठी आलेल्या मेक्सिकन गुराख्यांबरोबर गिटार तिथे पोहोचली, असे मानतात. गॅबी पाहिनुई हे या शैलीचे विसाव्या शतकातील अग्रणी वादक. हवाईयन संगीतासाठीचा पहिला ग्रॅमी पुरस्कार 2005 मध्ये याच शैलीतील ध्वनिमुद्रिकेला मिळाला. ‘स्लॅकलायनिंग’ हा खेळ अमेरिकेतील गिर्यारोहकांमध्ये 1970 च्या दशकाच्या अखेरीस रुजला. डोंबाऱ्याची दोरी ताठ असते; या खेळातली चपटी पट्टी मात्र पायाखाली लवचीकपणे झुलत राहते.

संगणक : तबकडीवर फाइलला ठरावीक मापाचे कप्पे मिळतात. कप्पा 4,096 बाइटचा असेल, तर 5,000 बाइटची फाइल दोन कप्पे अडवते आणि 3,192 बाइट जागा उरते. या ‘फाइल स्लॅक’मध्ये पूर्वीच्या, पुसलेल्या फाइलचे अवशेष राहू शकतात, म्हणून गुन्हे-तपासात तिला महत्त्व आहे. पॅट्रिक व्होल्कर्डिंग यांनी जुलै 1993 मध्ये प्रसृत केलेली ‘स्लॅकवेअर’ ही आजही चालू असलेल्या लिनक्स वितरणांपैकी सर्वांत जुनी आहे. स्ट्यूअर्ट बटरफिल्ड व सहकाऱ्यांची ‘स्लॅक’ ही कार्यालयीन संदेशप्रणाली ‘ग्लिच’ हा संगणकीय खेळ तयार करताना आपसात वापरलेल्या साधनातून जन्मली. खेळ 2012 मध्ये बंद पडला आणि प्रणाली 2014 मध्ये सर्वांसाठी खुली झाली. सेल्सफोर्स कंपनीने 2021 मध्ये ती सुमारे 27.7 अब्ज डॉलरना विकत घेतली.

मराठी प्रतिशब्द : माणसाबद्दल बोलताना हा शब्द निंदा करतो. ‘स्लॅकर’ म्हणजे कामचुकार. पहिल्या महायुद्धात सैन्यभरती टाळणाऱ्यांनाही हेच विशेषण लावले गेले. यंत्र, वेळापत्रक किंवा संस्था यांच्या संदर्भात मात्र तोच शब्द बहुधा गरजेची राखीव जागा दाखवतो. त्यामुळे सर्वत्र ‘ढिलाई’ लिहिणे चूक आहे. दोरीसाठी सैल किंवा झोळ, बाजारासाठी मंद, नियोजनासाठी सवड, साधनांसाठी शिल्लक हे शब्द मराठीत आधीपासून आहेत. भाषांतरकाराने आधी काय सैल आहे ते पाहावे आणि मगच शब्द निवडावा.