प्रवरेकाठची ओवी आणि गॉस्पेल

मंडळी, आज आपण भंडारदऱ्यात बसलोय. ही प्रवरा पुढे नेवाशाला जाते, जिथे १२९० मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली. ती ओवी ध्यानात ठेवू.

१८७१ मध्ये अमेरिकेतल्या फिस्क विद्यापीठाचे कृष्णवर्णीय गायक शाळेसाठी पैसा उभा करायला निघाले. त्यांतले बहुतेक गुलामगिरीत जन्मलेले. १८७३ मध्ये ते इंग्लंडला पोचले. वाडवडिलांची भक्तिगीतं त्यांनी गायली, पण युरोपीय वृंदगानात बसवून. शाळा तगली, मूळ चालीचा रांगडेपणा मात्र कमी झाला.

आपल्या नगर जिल्ह्यात उलट घडलं. मिशनऱ्यांबरोबर इंग्रजी चालीही आल्या होत्या. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी ख्रिस्तभक्ती अभंगात, ओवीत, कीर्तनात आणली.

ऐकणारा बदलला, धर्म बदलला, तरी आपली चाल किती सोडायची? टिळकांचं उत्तर आपल्याला नेवाशाकडेच नेतं.