मोत्याच्या गोणपाटावरच्या कण्या

१९९१ साली आम्ही देहूरोडला लष्करी हद्दीलगतच्या चाळीत राहत होतो. एकदा आमच्या मोत्याच्या गोणपाटावर तांदळाच्या कण्या दिसल्या, आणि त्या चक्क हलत होत्या! धाकटी बहीण त्याच गोणपाटावर लोळायची. आईच्या पोटात गोळा आला. शेजारच्या निवृत्त सुभेदारकाकांनी सुपारीची पूड दिली. हा नुसता घरगुती तोडगा नव्हे. सुपारीतलं अॅरेकोलीन एके काळी पशुवैद्यही पट्टकृमीवर वापरत. त्यानं कृमी लुळा पडतो आणि कुत्र्याला जोराचे जुलाब होतात. (श्रोत्यांनी हा प्रयोग करू नये!) मोत्या अर्धमेला झाला, आणि महिन्याभरात कण्या पुन्हा हजर.

पशुवैद्यांनी एवढंच विचारलं, "पिसवांचं काय केलंत?"

हा प्रश्न सुचायलाच शतक लागलं होतं. लिनियसनं या कृमीला १७५८ मध्ये नाव दिलं. पण तो कुत्र्याच्या पोटात शिरतो कसा, हे कळेना. १८६९ मध्ये मेल्निकोव्हला त्याची अळी कुत्र्याच्या उवेत सापडली. पुढे वीसेक वर्षांनी इटलीत ग्रासी आणि रोवेल्ली यांनी पिसवेकडे बोट दाखवलं. कण्या म्हणजे कृमीचे तुटलेले तुकडे. त्यांतली अंडी पिसवेची अळी खाते, ती मोठी होते, आणि खाजेनं हैराण झालेलं कुत्रं किंवा मांजर तिला चावून गिळतं. लहान मूलही चुकून गिळू शकतं.

प्राझिक्वांटेल १९७० च्या दशकात आलं आणि जुलाबांचा छळ संपला. मोत्यालाही तीच गोळी मिळाली. बहिणीला सुदैवानं काही झालं नव्हतं. आईनं मात्र गोणपाट जाळलं आणि फरशीच्या फटीफटीत उकळतं पाणी ओतलं.